दुसऱ्या गिअरमधली सुगी

माघ लागला की हुबळीत माणसं सर्दी नसताना शिंकायला लागतात. परवा मी धारवाडहून, सप्तापुरातल्या माझ्या घरून, आईकडं निघाले होते. बस हुबळीत शिरली, वारा फिरला, आणि शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावला. पुढं कंडक्टर शिंकला, त्याच्यामागं दोन कॉलेजच्या मुली, आणि शेवटी ड्रायव्हरही. सगळी बस हसायला लागली. मिरची बाजारात आली होती.

मी खिडकी उघडीच ठेवली. आमच्याकडच्या सुरकुतलेल्या लाल मिरचीच्या वासात तिखटपणा कमी असतो. उन्हात वाळलेली साल, गोणपाट, काळी माती आणि मागं कुठंतरी गुळासारखं काहीतरी, असा तो वास. पण मला त्यात आणखी एक वास येतो, तो तिथं नसला तरी येतो. गिअर ऑइलचा. जरासा गंधकाचा, जरासा करपलेल्या कांद्याचा. एका सुगीत हे दोन वास आमच्या घरात असे मिसळून गेले की आता मला ते सुटे करता येत नाहीत.

आमचं जुन्या हुबळीत मसाल्याचं दुकान. पणजोबा मिरजेकडून हळद घेऊन आले आणि इथलेच झाले. कुंदगोळच्या बाजूला आमचं काळ्या जमिनीचं शेत आहे, तिथं मिरची होते. दुकान, शेत, घर, सगळं अप्पा आणि काका या दोघा भावांचं एकत्र. वेगळं होतं ते एकच. दोघांच्या जीपा.

अप्पांची जीप डिझेलची, जड, चार गिअरची. तिच्या पहिल्या गिअरला दयामाया नव्हती. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो पडायचाच नाही, आणि घाई केली तर आतून असा आवाज यायचा की रस्त्यावरची कुत्री उठून बसत. माझी शाळा लॅमिंग्टन रोडवर होती. अप्पा मला न्यायला यायचे तेव्हा वर्गात बसल्या बसल्या मला कळायचं की आता ते चौकात वळताहेत, आता तिसऱ्यातून दुसऱ्यात आले. बाईंनाही कळायचं. "आले गं तुझे अप्पा," असं म्हणून त्या घंटेच्या आधीच मला दप्तर भरायला लावत.

काकांची गाडी पेट्रोलची, पांढरी, हलकी, पाच गिअरची. दोन बोटांनी गिअर पडायचा. काका तिला हरणी म्हणत आणि अप्पांच्या जीपला म्हैस. दोन्ही गाड्या जुन्याच घेतलेल्या, दोन्हींना चारही चाकं ओढणारा आणि चढ-चिखलात 'लो'मध्ये, म्हणजे हळू पण ताकदीनं चालवणारा वेगळा दांडा, दोन्ही चिखलातून जाणाऱ्या. मग जास्त टिकाऊ कोण? या प्रश्नावर आमच्या घरात जितक्या संध्याकाळी खर्ची पडल्या तितक्या कुणाच्या लग्नाच्या बोलण्यावरही पडल्या नसतील.

"अण्णा, तुझ्या गिअरबॉक्समध्ये लोखंड आहे, अक्कल नाही," काका म्हणायचे. "माझ्या गाडीत दोन चाकं एकमेकांना भिडायच्या आधी त्यांचा वेग जुळवून घेतात. पितळेच्या कड्या असतात आत त्यासाठी. घासणंच नाही, मग झिजणार काय?"

"कड्या झिजणार," अप्पा शांतपणे सांगायचे. "माझ्या पहिल्या गिअरला कडीच नाही. झिजायला काही ठेवलंच नाही."

"माझा गिअर लोण्यासारखा पडतो."

"लोणी वितळतं रे."

जुन्या हुबळीतल्या बसण्णाच्या गॅरेजात दोन्ही गाड्यांचं तेलपाणी व्हायचं. त्याला दोघांनीही न्यायाला बसवून पाहिलं. बसण्णा हात पुसत म्हणायचा, "एरडू चलो अदाव री." दोन्ही चांगल्या आहेत. दोन्ही गिऱ्हाइकं सांभाळणारा माणूस दुसरं काय म्हणणार?

त्या वर्षी मार्गशीर्षात अप्पांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा छान बसला, पण डॉक्टरांनी सांगितलं, होळीपर्यंत क्लच नाही. अप्पांनी ते ऐकून घेतलं आणि मान भिंतीकडं वळवली. मी त्यांच्यापाशी बसले होते. ते म्हणाले, "डावा पाय गेला म्हणजे जीप गेली."

"पाय कुठं गेलाय अप्पा? उलट नवा आलाय."

ते हसले नाहीत. घरी आल्यावरही ते ओट्यावरच्या खुर्चीत बसून राहत. समोर निंबाखाली जीप उभी असे. तिच्या टपावर पानं पडत आणि अप्पा ती पानं बघत. दोघे भाऊ जेवायला शेजारी बसत, पण वादाचा विषय निघत नसे. काकांनी एकदा मुद्दाम छेडलं, "काय अण्णा, म्हैस आटली वाटतं?" अप्पा "हं" म्हणाले आणि भाकरी मोडत राहिले. काकांचा चेहरा पडला. भावाला बोलतं करण्यासाठी त्यांच्याकडं तेवढं एकच हत्यार होतं.

अशात मिरचीची तोडणी आली. दुकान काकांच्या अंगावर, मी धारवाडात कॉलेजात. शेतावर रोज कुणीतरी जायला हवं होतं. एक ड्रायव्हर ठेवला. अप्पा त्याच्या शेजारी बसून शेतावर जायला लागले. पण गिअर घासला की अप्पा तोंडानं काही न बोलता असा श्वास ओढायचे, जणू कुणी त्यांच्याच दाताला हात घातलाय. ड्रायव्हर बिचारा सज्जन होता. आठवडा उलटायच्या आत त्यानं आईला हात जोडले. "अक्का, शिव्या दिल्या तर मी ऐकून घेईन. पण हे दाताचं मला सोसत नाही."

त्या रात्रीच्या जेवणात आई ताक वाढता वाढता म्हणाली, "मी शिकते."

"काय?" काका.

"जीप."

काकूंनी ताकाचं भांडं तिच्या हातातून काढून घेतलं, का कोण जाणे, बहुतेक ते सांडेल असं त्यांना वाटलं असावं. आईनं पन्नाशी केव्हाच ओलांडली होती. तिनं सायकलसुद्धा चालवलेली नव्हती. पण तिचं म्हणणं साधं होतं. "आयुष्यभर शिलाईचं मशीन चालवलंय. पाय एक करतात, हात दुसरंच करतात, आणि डोळे तिसरीकडं असतात. यात नवीन काय आहे?"

अप्पा इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बोलले. "म्हशीवर नको. तिचा पहिला गिअर तुला नाही जमायचा."

"भावजींच्या गाडीवर शिकू?"

काका पटकन म्हणाले, "वैनी, हरणीवर शिका की! मुलायम आहे." मग त्यांच्या लक्षात आलं की शिकाऊ हात आपल्या गिअरबॉक्सला लागणार आहे, आणि त्यांनी भाताचा घास जरा जास्तच वेळ चावला.

शेवटी आई दोन्हींवर शिकली. शिकाऊ परवाना निघाला, लाल अक्षराची पाटी लागली, आणि मी सुट्टीला गेले की मागच्या बाकावर बसून हा सोहळा बघायचे. शेताकडं जाणाऱ्या गाडीवाटेच्या दोन्ही अंगांना जोंधळा उभा, कणसं दुधात भरलेली, मध्येच हरभऱ्याचा आंबूस वास. आणि त्या सगळ्या शांततेत आमच्या जीपचा आक्रोश. बगळे उडायचे. दूर मिरची तोडणाऱ्या बाया सरळ उभ्या राहून कपाळावर हात धरून बघायच्या. अप्पा दात आवळून सांगायचे, "क्लच दाब. आता न्यूट्रल. क्लच सोड. जरा रेस दे... जरा म्हटलं गं! पुन्हा क्लच. आता टाक." आई ओठ मिटून हे सगळं करायची, तिच्या बांगड्या वाजायच्या, आणि दहादा ओरडल्यावर अकराव्यांदा तो दांडा काहीही न बोलता जागेवर बसायचा. तेव्हा दोघं एकमेकांकडं बघायचे. मागं मी आहे हे त्यांच्या ध्यानातच नसायचं.

हरणी आई चार दिवसांत चालवायला लागली. काका खूश. पण आई मला हळूच म्हणाली, "ही फार समजूतदार आहे गं. माझं काय चुकलं ते सांगतच नाही." नंतर बऱ्याच दिवसांनी मला या वाक्याचा अर्थ लागला. काकांच्या गाडीतल्या त्या पितळी कड्या आईच्या आणि खरं तर काकांच्याही चुका पोटात घालत होत्या. पोटात घालत होत्या म्हणजे झिजत होत्या. म्हैस मात्र प्रत्येक चूक जगाला ओरडून सांगायची, त्यामुळं ती पुन्हा करायची कुणाची हिंमत नव्हती.

घरात वाद परत सुरू झाला होता. आता त्याला रोजची नवी सामग्री होती. जेवताना काका विचारायचे, "आज किती वेळा ओरडली तुझी?" आणि अप्पा, "ओरडली, पण मोडली नाही. तुझ्या हरणीवर तिनं अजून महिनाभर हात बसवला की सांग मला." आई म्हणायची, "मी माणूस आहे की हातोडा?" काकू तोंडाला पदर लावून हसायच्या. त्या महिन्यातली आमच्या घरातली जेवणं मला वरण-भात, भाकरी, ठेचा यांपेक्षा या बोलण्यासाठीच आठवतात.

मग तो दिवस. सुगीत आभाळ येणं ही आमच्या भागात शिवी समजावी अशी गोष्ट आहे. खळ्यावर सगळी मिरची पसरलेली असते. ती भिजली की काळी पडते, बुरशी धरते, वर्षाचा रंगच जातो. मी नेमकी शनिवारी आले होते. सकाळी चहा होतोय तोवर शेतावरून गंगव्वाचा फोन आला. आमच्या तोडणीच्या बायांची ती म्होरकी. ती कधी फोनवर ओरडत नाही, त्या दिवशी ओरडली. "मोडा बंदाव अक्का! लगू बर्री!" ढग आलेत, लवकर या.

आईनं पदर खोचला. अप्पांनी काठी घेतली. "तुम्ही कशाला?" आई म्हणाली. "ओढ्यात उतरताना तुला लो टाकायला कोण सांगेल?" असं म्हणून ते आधीच जाऊन बसले. मी मागं चढले. आणि आम्ही गल्लीतून निघतोय तोच मागून हॉर्न. काकांनी भर सकाळी दुकानाचं शटर खाली ओढलं होतं.

शेतावर पोचलो तेव्हा खळ्यावर लाल पसाऱ्यावर काळं आभाळ वाकलं होतं. त्या प्रकाशात मिरची अशी पेटल्यासारखी दिसत होती की मी क्षणभर नुसती बघत राहिले. गंगव्वानं माझ्या हातात खराटा दिला. बाया मिरची ओढून ढीग करत होत्या, पोत्यांत भरून पायानं दाबत होत्या, शिंकत होत्या. पोती न्यायची होती ओढ्यापलीकडच्या गावात, देवळाच्या पक्क्या सभामंडपात. आदल्या रात्री तिकडं अवकाळी पावसाचा एक सडाका येऊन गेला होता, आणि ओलसर काळी माती चाकाला धरली की सोडत नाही.

सुरुवात हरणीची. काकांनी पोती भरली आणि ते भुर्रकन ओढा ओलांडून गेलेसुद्धा. आईची एक खेप होईतो त्यांच्या दोन व्हायच्या. जाता-येता ते हात हलवायचे. "काय अण्णा! म्हैस रवंथ करालीय काय?"  अप्पा आईला एवढंच सांगत होते, "दुसरा दांडा, लो. आता पहिला. आता पाय काढ सगळ्यावरनं. तिची ती जाईल." आणि म्हैस जायची. माणसाच्या चालीनं, न थांबता, गुरगुरत, ओढ्यात उतरून वर चढायची.

मग थेंब सुरू झाले. शेवटच्या खेपेला पोती नेहमीपेक्षा जास्त भरली. काका पुढं, गंगव्वाला घेऊन आम्ही मागं, बाकीच्या बाया पायी. ओढ्याच्या चढावर हरणी निम्म्यात आली आणि अचानक तिचा आवाज सुटल्यासारखा झाला. इंजिन जोरात, गाडी जागेवर. दुसरा गिअर आपोआप सुटून उडाला होता. काकांनी परत टाकला, परत उडाला. तेवढ्यात चाकं मातीत बसली. काका काचेतून मागं बघत होते. त्यांचा तो चेहरा! पावसाचं, मिरचीचं दुःख त्यात नव्हतंच. अण्णा मागच्या गाडीत आहे, हे त्यांचं दुःख होतं.

आईनं गाडी बाजूनं काढून पुढं घेतली. दोर बांधायला मी आणि गंगव्वा चिखलात उतरलो. आईनं पहिल्यात टाकलं. एकदाही आवाज आला नाही. दोर ताणला, म्हैस थरथरली, आणि एखाद्या लहान मुलीला हाताला धरून न्यावं तशी हरणीला घेऊन चढ चढून वर आली. बायांनी जो कल्ला केला तो पलीकडच्या गावात ऐकू गेला असणार. मंडपात शेवटचं पोतं टेकवलं आणि पाऊस कोसळला. आम्ही सगळे तिथंच भिंतीला टेकून बसलो, लाल हात, लाल नाकं, आणि गंगव्वानं फडक्यातून सोडलेली भाकरी आणि शेंगाची चटणी फिरत राहिली. काका कुणाकडं न बघता म्हणाले, "कड्या झिजल्या वाटतं." अप्पांनी स्वतःच्या भाकरीचा अर्धा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. एवढंच. मला वाटतं, जिंकल्यावर इतकं गप्प बसलेले अप्पा मी त्याआधी पाहिले नव्हते.

पण ते फार वेळ टिकायचं नव्हतं. ऊन पडल्यावर आम्ही परत निघालो. काका दुसरा गिअर हातानं धरून ठेवत पुढं. डांबरी रस्ता लागला तशी अप्पांना वाचा फुटली. "बघितलंस? दात बघ तिचे! अजून आपल्या नातवंडांना पुरेल हा गिअरबॉक्स." आणि त्याच क्षणी आईनं तिसरा टाकायला दांडा ओढला, तो दुसऱ्यातून निघालाच नाही. तो गाडीतूनच निघाला. मुळासकट, गाजर उपटावं तसा. आईच्या हातात.

"अहो," आई म्हणाली, "हे काय?"

अप्पा त्या दांड्याकडं बघत राहिले. दांडा धरून ठेवणारी वरची टोपी इतक्या वर्षांत झिजून गुळगुळीत झाली होती. गाडी मात्र आपली दुसऱ्यात चाललीच होती. आईनं दांडा त्यांच्या मांडीवर ठेवला. "धरा. आता यात माझं काम नाही."

काकांनी आरशात काहीतरी बघितलं असणार, ते थांबले. आमची गाडी त्यांच्याजवळ पोचली आणि त्यांनी अप्पांच्या हातात ती वस्तू पाहिली. मग ते रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसले. "अण्णा," त्यांना बोलताच येईना, "अण्णा, टिकाऊ आहे... दांडा बघ कसला टिकलाय... एकटाच टिकलाय!" अप्पांनी आधी तोंड घट्ट मिटून पाहिलं. पण त्यांच्या पोटातून हसू फुटलं ते त्यांच्या गुडघ्याला लागेपर्यंत. "आई गं, पाय!" असं म्हणत हसत होते. मी त्यांना ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसताना बघत होते.

आणि मग कुंदगोळ रस्त्यावरून जुन्या हुबळीपर्यंतचा सगळा प्रवास आईनं दुसऱ्या गिअरमध्ये केला. मागं ट्रक, बसगाड्या, मोटारसायकली, सगळे हॉर्न देत ओलांडून जात होते. आई ताठ बसली होती. सिग्नलला क्लच दाबून उभी राहायची, हिरवा झाला की हलकेच क्लच सोडून दुसऱ्यातच उचलायची, एकदाही बंद पडू न देता. शेजारी अप्पा मांडीवर दांडा घेऊन, राजदंड घेतलेल्या माणसासारखे. गल्लीत शिरलो तेव्हा पानवाल्यानं विचारलं, "अक्का, इतक्या हळू का?" आई म्हणाली, "घाई नाही."

बसण्णानं दोन्ही गिअरबॉक्स उघडून शेजारी शेजारी मांडले. गॅरेजात तो गंधकाचा जड वास भरून राहिला होता, आणि दोघे भाऊ त्या दोन पेट्यांवर वाकून उभे होते. म्हशीचे दात खरोखर तसेच होते, फक्त टोपी नि स्प्रिंग गेलेली. हरणीचेही दात चांगलेच होते, फक्त कड्या गेलेल्या. बसण्णा हात पुसत सरळ झाला. दोघांनीही एकदम हात वर करून त्याला थांबवलं. "माहीत आहे," अप्पा म्हणाले, "बोलू नको."

मी तेव्हापासून पुष्कळदा विचार करते, टिकणं म्हणजे काय. जाणकार लोक सांगतात, जुन्या जड गिअरबॉक्सला माणसानं सांभाळून घ्यावं लागतं आणि नवीन मऊ गिअरबॉक्स माणसाला सांभाळून घेतो. दोन्ही मोडतात, पण मोडतं ते दोन ओझ्यांच्या मधलं काहीतरी छोटंसं, कडी, टोपी, स्प्रिंग. ते बदललं की जुनं लोखंड पुन्हा उभं राहतं. त्या सुगीत आमच्या घरात काय झिजलं होतं आणि काय बदललं गेलं, हे मला नेमकं सांगता येणार नाही. पण घर चालायला लागलं होतं हे खरं.

होळी आली. डॉक्टरांनी अप्पांचा पाय दुमडून बघितला आणि परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा धुतलेला सदरा घालून जीपमध्ये चढले, त्यांच्या जुन्या जागेवर. आई शेजारी बसली. मी मागं. अप्पांनी क्लच दाबला, जरा थांबले, गिअर टाकला. सगळं आलं. पाय दुखला नाही. गल्लीच्या तोंडाशी काका आणि काकू उभे होते, काकांनी टाळ्या वाजवल्या. कुंदगोळ रस्त्याला लागेपर्यंत अप्पा गुणगुणत होते. मग शहर संपलं, दोन्ही बाजूंना रान मोकळं झालं, आणि त्यांनी गाडी हळूच कडेला घेतली.

"दुखालाय का?" आईनं घाबरून विचारलं.

"नाही नाही." ते उतरले, पुढून फिरून तिच्या बाजूला आले. "सरक तिकडं. तू चालव."

"अहो, पण आजच तर..."

"इथनं शेतं दिसतात गं," ते जरा लाजूनच म्हणाले. "मी इतकी वर्षं या वाटेनं जातोय, मी नुसता रस्ताच बघितला. हे सगळं मला या दोन महिन्यांत दिसलं."

 आईनं जागा बदलली, गिअर टाकला, गाडी निघाली. अप्पा दार धरून बाहेर झुकले. कुठं करडई पिवळी झाली होती, कुठं सूर्यफुलाचा एक तुकडा सगळाच्या सगळा एकाच दिशेला तोंड करून उभा होता. "अगं, ते बघ! आणि तिकडं, बांधावर मोर बघ, दोन आहेत! बघ की!"

"तुम्ही बघा," आई हसत म्हणाली, "मला रस्ता बघू द्या."